मोफत खेळ आणि बढतीचा तंटा

ज्या खेळाच्या दारात तिकीट नाही त्या खेळाचा खर्चही कोणी तरी, कोठून तरी आणि कोणत्या तरी रूपाने भरीतच असतो, ही गोष्ट संगणकावर किंवा मोबाईलवर खेळणाऱ्या प्रत्येकाला आज ठाऊक आहे. परंतु हा खर्च ज्या वाटेने वसूल होतो ती वाट चालत्या खेळात एकाएकी बदलली गेली म्हणजे खेळाडूंमध्ये जो दीर्घकाळ धुमसणारा तंटा उभा राहतो, त्याची कारणमीमांसा मात्र क्वचितच केली जाते. वृत्तपत्रांत त्याची नोंद झालीच तर ती खेळाडूंचा संताप आणि कंपनीची माघार एवढ्या मथळ्यापुरती होते, आणि वाचकाची अशी समजूत होते की एका बाजूस लोभी कंपनी व दुसऱ्या बाजूस एकदिलाने उभा असलेला खेळाडूवर्ग असा हा सरळ सामना असावा. गेल्या काही वर्षांतील प्रमुख प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता चित्र निराळे दिसते. खेळाडू कंपनीशी भांडतात हे खरे, पण तितक्याच आवेशाने ते आपापसांतही भांडतात. आणि या घरच्या भांडणात बहुतेक पक्षांच्या म्हणण्यात काही ना काही न्याय्य अंश असल्यामुळेच हा प्रश्न सावकाश तपासून पाहण्याच्या योग्यतेचा आहे.

या खेळांत नवागत उतरतो तेव्हा त्याच्या हाती फार थोडी साधने असतात. सामन्यागणिक त्याला काही अनुभवगुण, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत एक्सपी, आणि काही खेळातले नाणे मिळते. त्या संचयातून नवे पात्र, नवे पत्ते, नवे रणगाडे किंवा जुन्या साधनांची वाढीव ताकद मिळवीत तो पायरीपायरीने वर चढतो, आणि ज्याला ही चढण असह्य होते त्याला कंपनी पैशाच्या मोबदल्यात वेग विकते. ही रचना नवशिक्याला शिकविते, समान ताकदीच्यांना समोरासमोर आणते, उद्या परत येण्यास कारण देते आणि त्याच वेळी महसूलही उभा करते. ही सारी कामे एकाच जिन्यावरून चालत असल्यामुळे कोणत्याही एका कामासाठी पायरीची उंची बदलली की उरलेल्यांचा तोल जातो. या जिन्यावर खेळाडूने जे खर्चिलेले असते तेही एका जातीचे नसते. कोणी वर्षानुवर्षांचा वेळ घातलेला असतो, कोणी कौशल्य, कोणी रोख रक्कम. नवी पद्धत आली म्हणजे या निरनिराळ्या ठेवींचे परस्पर विनिमयदर बदलतात, आणि माझ्या मते सगळ्या तंट्याचे मूळ येथे आहे. नवी पद्धत जुनीहून चांगली की वाईट हा प्रश्न पुढचा. जुन्या दराने ज्याने ठेव ठेवली त्याचा हिशेब आता कोणत्या दराने होणार, हा प्रश्न त्याच्या आधीचा. भिशीचे आठ हप्ते भरून झाल्यावर नवव्या महिन्यात नियम बदलले, तर नवे नियम कितीही शहाणपणाचे असोत, ज्याचा क्रमांक शेवटी होता तो प्रथम आपले भरलेले हप्तेच मोजील.

या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाचे आहे. लॉस एंजेलिस येथील रायट गेम्स या कंपनीने २००९च्या ऑक्टोबरात तो सुरू केला, आणि पुढील आठ वर्षे त्यातील बढतीची पद्धत स्थूलमानाने एकच राहिली. खेळाडूचे खाते तिसाव्या लेव्हलपर्यंत चढे. तोपर्यंत आणि त्यानंतरही प्रत्येक सामन्यागणिक 'इन्फ्लुएन्स पॉइंट' या नावाचे नाणे मिळे. आणि त्या नाण्यातून पात्रांखेरीज 'रून' नावाच्या लहान लहान शक्ती विकत घ्याव्या लागत. एका पानावर अशा तीस शक्ती बसत, आणि प्रत्येकीमुळे पात्राच्या बळात, चिलखतात किंवा वेगात अगदी बारीक भर पडे. एकटी रून क्षुल्लक, पण तिसांची बेरीज क्षुल्लक नव्हती. पूर्ण भरलेले पान घेऊन उतरलेला जुना खेळाडू सामन्याचा पहिला क्षण उजाडण्यापूर्वीच नवागताच्या पुढे असे. या शक्ती थेट पैशाने घेता येत नसत. त्या वेळेनेच मिळवाव्या लागत, आणि म्हणूनच त्या मिळविलेल्याला त्यांचा अभिमान वाटे.

२०१७च्या नोव्हेंबरात कंपनीने ही सारी व्यवस्था मोडीत काढली. रून सर्वांना विनामूल्य झाल्या, त्यांचे स्वरूप पालटले, तिसाव्या लेव्हलची मर्यादा उठली, जुने नाणे बाद होऊन 'ब्लू एसेन्स' हे नवे नाणे चलनात आले, आणि प्रत्येक सामन्याअखेर थोडे थोडे मिळणारे उत्पन्न जाऊन प्रत्येक लेव्हलच्या अखेरीस एक बंद पेटी मिळू लागली. वरकरणी पाहता हा नवागताला मिळालेला मोठा दिलासा होता, आणि तसा तो होताही. परंतु यावर जे मतभेद झाले ते केवळ जुने विरुद्ध नवे असे नव्हते. एक पक्ष म्हणे की ज्या संचयासाठी आम्ही इतकी वर्षे झिजलो तो एका रात्रीत निर्मूल्य झाला. दुसऱ्याला संचयाचे काही वाटत नव्हते, पण जुन्या पद्धतीत आकड्यांची बारीक जुळवाजुळव करण्यात जो बौद्धिक आनंद होता तो नव्या ठोकळेबाज निवडींत हरपला, याचे त्याला दुःख होते. तिसरा पक्ष रोजच्या मिळकतीचा हिशेब करणारा होता, आणि त्याचा आक्षेप असा की पूर्वी डोळ्यांसमोर पडणारे नाणे आता पेटीत बंद झाले असून त्या पेटीतून काय निघेल हे दैवावर अवलंबून आहे. तिसाव्या लेव्हलला पोहोचणे म्हणजे पूर्ण खेळाडू होणे, या भावनेला निर्मर्याद आकड्यांनी तिलांजली दिली, अशीही खंत अनेकांनी बोलून दाखविली.

माझ्या मते रायटचा मूळ निर्णय न्याय्य होता. स्पर्धेच्या खेळात सामन्यापूर्वीच एका बाजूच्या पारड्यात वजन पडावे हे स्पर्धेच्या तत्त्वाशीच विसंगत आहे, मग ते वजन पैशाने आलेले असो वा कालावधीने. आणि ज्येष्ठतेचा मान राखण्याचे अन्य मार्ग असताना तो मान नवागताच्या पराभवातून वसूल करणे कोणालाच शोभत नाही. तथापि तिसऱ्या पक्षाच्या तक्रारीला हे उत्तर लागू पडत नाही. त्याची तक्रार समतेविरुद्ध नव्हतीच. ती उत्पन्नाचा मार्ग अपारदर्शक केल्याविरुद्ध होती. कंपनीने दोन स्वतंत्र सुधारणा एकाच गाठोड्यात बांधून दिल्या, त्यामुळे एकीचे समर्थन करणाऱ्याला दुसरीचेही समर्थन करावे लागले, आणि खेळाडू एकमेकांस स्वार्थी ठरवीत बसले.

हीच गाठोडे बांधण्याची रीत 'हर्थस्टोन' या पत्त्यांच्या खेळात अधिक ठळकपणे दिसते. ब्लिझर्ड कंपनीने २०१४ साली आणलेल्या या खेळात बरीच वर्षे एक साधा नियम होता: तीन विजयांस दहा सुवर्ण, दिवसाला अधिकांत अधिक शंभर, शिवाय रोजची एक कामगिरी, आणि शंभर सुवर्णांत पत्त्यांची एक पुडी. शाळकरी मुलालाही तोंडी करता यावा असा हा हिशेब होता. २०२०च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी पारितोषिकांची एक लांबलचक वाट आली, जिच्यावर अनुभवगुणांनी पुढे सरकावयाचे आणि वाटेतल्या टप्प्याटप्प्यांवर सुवर्ण, पुड्या व इतर वस्तू उचलावयाच्या. विजयाइतकाच खेळण्यात घालविलेल्या वेळालाही नव्या पद्धतीत मोबदला होता, आणि सावकाश चालणारे डाव खेळणाऱ्यांना, किंवा वारंवार हरणाऱ्या नवशिक्यांना, तो खरोखरच लाभदायक होता. कंपनीचा दावा असा होता की नव्या वाटेने कोणाचेही उत्पन्न घटणार नाही. काही दिवसांतच खेळाडूंनी तक्ते मांडून दाखविले की हा दावा वाटेवरील सर्व किरकोळ वस्तूंची किंमत धरली तरच टिकतो. ज्याला केवळ सुवर्ण हवे आहे, आणि बहुतेक नियमित खेळाडूंना तेच हवे होते, त्याच्या पदरी पूर्वीपेक्षा कमी पडते. पुढे कंपनीला सुवर्णाचे प्रमाण वाढवावे लागले.

या घटनेत मला सर्वांत लक्षणीय वाटते ते हे की, खेळाडूंमधील वाद तक्ते पुढे येईपर्यंत अत्यंत कटू होता आणि तक्ते आल्यावर तो बराच निवळला. अमुक इतके खेळणाऱ्याला पूर्वी अमुक मिळे आणि आता अमुक मिळेल, हे आकड्यांत दिसू लागताच अकारण कुरकुर आणि सकारण तक्रार यांची निवड आपोआप झाली. २०२४च्या एप्रिलात याच खेळात आठवड्याच्या कामगिऱ्या बदलल्या गेल्या, तेव्हा पाच विजयांच्या जागी पंधरा विजय मागितले गेले आणि बक्षिसात वाढ झाली ती सुमारे पंचमांशाची. या वेळी कोणालाही तक्ता मांडावा लागला नाही, आणि एरवी परस्परांशी क्वचितच एकमत होणारे पक्ष त्या आठवड्यात एका सुरात बोलले. कंपनीने थोड्याच दिवसांत पंधराचे दहा केले. पाचावर मात्र ती त्या वेळी परतली नाही.

आता 'वॉर थंडर' या खेळाकडे वळतो, कारण २०२३ साली तेथे जे घडले त्यात या प्रश्नाची बहुतेक सर्व अंगे एकत्र आलेली आहेत. विमाने, रणगाडे आणि युद्धनौका यांचा हा खेळ बुडापेस्ट येथे मुख्य कचेरी असलेल्या गायजिन कंपनीचा असून २०१२ पासून चालू आहे. निरनिराळ्या राष्ट्रांची वाहने कालानुक्रमाने रचलेल्या एका वृक्षावर मांडलेली आहेत; दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या दुपंखी विमानापासून आरंभ करून आजच्या जेट विमानापर्यंत पोहोचावयाचे असेल, तर प्रत्येक वाहनासाठी आधी संशोधनगुण आणि मग 'सिल्व्हर लायन' हे नाणे साठवावे लागते. शिखरावरील एकेका वाहनासाठी हे आकडे लाखांच्या घरात जातात. येथपर्यंत हा खेळ इतरांसारखाच आहे. त्याचे वैशिष्ट्य, आणि कलहाचे बीज, दुरुस्तीच्या आकारणीत आहे. सामन्यात वाहन निकामी झाले तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च खेळाडूच्या खात्यातून वजा होतो. त्यामुळे वरच्या पायऱ्यांवर वाईट गेलेला सामना केवळ निष्फळ ठरत नसे, तो जमाखर्चात तुटीचा ठरे, आणि खेळाडू खेळण्यापूर्वी होता त्याहून गरीब होऊन बाहेर पडे.

या आकारणीतील एक तरतूद मला विशेष अन्यायकारक वाटते. एखाद्या वाहनाचा दुरुस्तीखर्च ठरविताना ते वाहन चालविणाऱ्या सर्व खेळाडूंची सरासरी कामगिरी विचारात घेतली जात असे. परिणाम असा होई की एखादे अवघड वाहन केवळ निष्णात लोकच चालवीत असतील तर त्याची सरासरी उंचावे, सरासरी उंचावली की खर्च चढे, आणि त्या वाहनापर्यंत नुकत्याच पोहोचलेल्या सामान्य खेळाडूला इतरांच्या नैपुण्याचा दंड भरावा लागे. समतोल राखण्याच्या शुद्ध हेतूने केलेला नियमसुद्धा व्यक्तीला न पाहता सरासरीला पाहू लागला म्हणजे किती निष्ठुर होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

२०२३च्या मे महिन्यात कंपनीने या अर्थव्यवस्थेत आणखी काही फेरफार जाहीर केले, आणि खेळाडूंना त्यांत सवलतींपेक्षा वाढीव वसुलीच अधिक दिसली. अनेक वर्षांचा साचलेला असंतोष त्या निमित्ताने बाहेर पडला. स्टीम या विक्रीमंचावर अल्पावधीत प्रतिकूल अभिप्रायांचा एवढा प्रचंड ओघ लागला की खेळाची तेथील श्रेणी कोसळली. २६ मे हा दिवस न खेळण्याचा दिवस म्हणून ठरविला गेला. आणि कंपनीने जाहीर केलेले फेरफार मागे घेऊन, सुधारणांचा सविस्तर आराखडा जूनच्या मध्यापर्यंत प्रसिद्ध करण्याची मुदत स्वतःवर घालून घेतली. आराखडा त्या मुदतीत आला. दुरुस्तीखर्चाची फेररचना, अनेक वाहनांच्या संशोधनगुणांत कपात, वृक्षावरील काही वाहने एका गटात आणून चढण आखूड करणे, रणगाड्याला प्राथमिक दुरुस्तीची व आग विझविण्याची सोय पहिल्यापासून देणे अशी कलमे त्यात होती, आणि काही कलमांवर खेळाडूंचे मत मागविले गेले. पुढील महिन्यांत त्यांपैकी बरीचशी अमलात आली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळाडूंचा निर्विवाद विजय वाटला, आणि तो विजय होताही. परंतु त्या काळात खेळाडूंच्या गोटात काय चालले होते हे पाहिल्यास एकजुटीचे चित्र बरेच विरळ होते. प्रतिकूल अभिप्राय लिहून आपण ज्या खेळावर प्रेम करतो त्याचीच नवागतांपुढे नाचक्की करीत आहोत, असे म्हणणारे काही होते. वृक्षाच्या शिखरावर आधीच पोहोचलेल्या कित्येकांना चढण आखूड करणेच नापसंत होते, आणि त्यांचा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नव्हता: पैसे टाकून एकदम वरच्या पायरीचे वाहन घेणारे लोक काही न शिकता येतात, पहिल्या पाच मिनिटांत वाहन गमावतात आणि सामना सोडून निघून जातात, त्यांच्या जोडीला आता घाईघाईने चढून आलेलेही मिळाले तर वरच्या पायऱ्यांवरील खेळच नासेल. याउलट ज्यांना नोकरी, संसार सांभाळून आठवड्याकाठी चार-सहा तास मिळतात त्यांचे म्हणणे असे की शिकविण्याच्या नावाखाली चालणारी ही चढण शिकवीत काहीच नाही. एका राष्ट्राचा वृक्ष संपवून दुसऱ्या राष्ट्राच्या तळाशी उभा राहणारा मनुष्य पुन्हा तेच मुळाक्षर गिरवितो. हे दोन्ही पक्ष खरे बोलत होते. पहिल्याची तक्रार खरे पाहता लांब चढणीच्या बाजूची नव्हती, चढण टाळण्याचा परवाना विकण्याविरुद्धची होती. आणि त्या परवान्याच्या विक्रीला कंपनीने हात लावला नाही, कारण उत्पन्न तेथूनच येते.

याहून सूक्ष्म प्रकार असा की कंपनी काहीही काढून घेत नाही, फक्त जिना लांबविते. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने २०१६ साली काढलेल्या 'क्लॅश रॉयल' या खेळात पत्त्यांची सर्वोच्च लेव्हल काही काळ तेरा होती; २०२१ साली ती चौदा आणि २०२२च्या अखेरीस पंधरा झाली. ज्याने सगळे पत्ते परमोच्च पायरीला नेले होते त्याच्या संग्रहातील एकही वस्तू कमी झाली नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तो अपूर्ण झाला. दरवाढ आणि हा प्रकार यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही, कारण त्या खेळात पत्त्याची लेव्हल थेट सामन्यातील बळ ठरविते. आणि पूर्णत्वाचे आश्वासन दाखवून एकदा वसूल केलेली किंमत, पूर्णत्व पुढे सरकवून दुसऱ्यांदा वसूल करणे याला न्याय्य म्हणता येणार नाही. 'डेस्टिनी २'च्या बाबतीत बंजी कंपनीने उलटी वाट धरली. २०१९ पासून मोफत दार उघडलेल्या या खेळात २०२०च्या नोव्हेंबरात असा नियम लागू झाला की ठरावीक काळापूर्वीची शस्त्रे यापुढे वरच्या ताकदीला नेता येणार नाहीत. नव्या शस्त्रांना वाव मिळावा हा हेतू समजण्यासारखा होता, आणि त्याच त्याच शस्त्रांना कंटाळलेले काही खेळाडू त्याच्या बाजूनेही उभे राहिले. परंतु विशिष्ट बंदुकीसाठी आठवडेच्या आठवडे खर्ची घातलेल्यांचा रोष इतका होता की थोड्याच महिन्यांत, २०२१च्या आरंभी, यापुढे असे होणार नाही असे कंपनीने जाहीर केले. जी शस्त्रे आधी बाद झाली होती ती तेव्हा मात्र बादच राहिली.

अशी आणखी दोन प्रकरणे येथे केवळ नोंदवितो. 'ओव्हरवॉच २' या खेळाने २०२२च्या ऑक्टोबरात मोफत होताना नवी पात्रे पारितोषिकवाटेच्या वरच्या टप्प्यांवर नेऊन ठेवली आणि २०२४च्या एप्रिलात सर्व पात्रे सर्वांना खुली केली. 'हेलो इन्फिनिट'मध्ये २०२१च्या नोव्हेंबरात केवळ नेमून दिलेल्या आव्हानांनीच प्रगती होई, चांगला खेळ केल्याने नव्हे, आणि ती पद्धत सामन्यागणिक गुण देण्यापर्यंत यावयास एक वर्ष लागले. दोन्ही ठिकाणी वाद कडाक्याचा झाला, पण त्यांत नव्याने सांगण्यासारखे थोडे आहे.

आपल्याकडील अनुभव पाहावयाचा तर मोबाईलवरील पबजीकडेच पाहिले पाहिजे. २०२०च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने त्या खेळावर बंदी घातली, आणि २०२१च्या जुलैत क्राफ्टन कंपनीने तोच खेळ 'बीजीएमआय' या नावाने भारतासाठी पुन्हा आणला. त्या वेळी पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत तरुणांच्या तोंडी पहिला प्रश्न खेळ सुरू होणार का हा नव्हता. आपली जुनी आयडी, तिची लेव्हल, तिच्यावरचे पोशाख आणि बंदुकांचे रंग परत मिळणार का, हा होता. कंपनीने काही मुदतीपर्यंत जुन्या खात्यातील माल नव्या खात्यात आणण्याची मुभा दिली, आणि खेळ पुन्हा रुजण्यास या मुभेचा फार मोठा हातभार लागला असे मला वाटते. परंतु त्याच सुमारास रॉयल पासची, म्हणजे त्या खेळातील पारितोषिकवाटेच्या विकतच्या परवान्याची, पद्धतही बदलली: पूर्वी दोन महिन्यांचा, शंभर टप्प्यांचा पास सहाशे यूसीला, म्हणजे पैशाने घ्यावयाच्या खेळातल्या नाण्याला, मिळे, त्या वेळी दर महिन्याला पन्नास टप्प्यांचा पास तीनशे साठ यूसीला झाला. दोन महिन्यांचा हिशेब सहाशेवरून सातशेवीसवर गेला. ज्याला टप्पे पुरे करण्यास वेळ कमी पडे त्याला लहान पास सोयीचा वाटला, आणि ज्याने एका पासातून परत मिळणारे यूसी साठवून पुढचा पास घेण्याची शिस्त लावून घेतली होती त्याची घडी विस्कटली. घरून महिन्याकाठी ठरावीकच पैसे मिळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता, पण त्याची जाहीर चर्चा फारशी झाली नाही. सारे लक्ष बंदी आणि खेळाचे पुनरागमन यांतच गुंतलेले होते.

कंपन्यांची कैफियतही नोंदविली पाहिजे, कारण ती खोटी नाही. मोफत खेळातील बहुसंख्य खेळाडू एक पैही देत नाहीत. सर्व्हर चालविणे, नवी भर घालणे, फसवणूक करणाऱ्यांना हुडकून काढणे यांचा खर्च अल्पसंख्य देणाऱ्यांवर चालतो. आणि जिना फार आखूड झाला तर वर पोहोचलेला खेळाडू सोडून जातो व देणाराही उरत नाही. हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. खर्च भागविण्यासाठी दर वाढवावा लागला तर तो वाढला आहे असे सांगता येते; वाढ सुधारणेच्या वेष्टनात गुंडाळून देण्याची गरज खर्चातून उत्पन्न होत नाही. वर आलेल्या प्रकरणांत खेळाडूंचा सर्वांत तीव्र क्षोभ जेथे झाला तेथे रकमेपेक्षा हे वेष्टनच त्याला अधिक कारणीभूत झालेले दिसते. ज्येष्ठ खेळाडूंच्या बाबतीतही प्रश्न केवळ रकमेचा नसतो. आम्ही भोगले, नव्यांनीही भोगावे, हा त्यांचा सूर ऐकावयास कठोर लागतो, पण त्यामागील मागणी बहुधा एवढीच असते की आम्ही घातलेल्या वर्षांची कोठे तरी नोंद राहावी. एखादे चिन्ह, एखादी पदवी, जुन्या पद्धतीत कोण कोठवर पोहोचला होता याची खात्यावर कायमची नोंद, यासाठी कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. नाण्यांत दिलेली भरपाई चार दिवसांत खर्च होऊन जाते आणि रोष तसाच राहतो.

हिशेब उघडा ठेवण्याच्या बाबतीत बराच दूरवर गेलेला एक देश दक्षिण कोरिया आहे. तेथील नेक्सॉन कंपनीच्या 'मेपलस्टोरी' या जुन्या मोफत खेळात साधनांची सुप्त शक्ती बदलण्यासाठी 'क्यूब' नावाची वस्तू २०१० पासून पैशाने विकली जाई, आणि कोणती शक्ती किती वेळा निघेल याचे प्रमाण कंपनीने खेळाडूंना न कळविता बदलले होते. काही अत्यंत हव्याशा वाटणाऱ्या जुळण्या तर निघणेच शक्य नव्हते, आणि खेळाडू त्यांच्यासाठी पैसे भरीत राहिले. २०२१ साली कोरियातील निरनिराळ्या खेळांच्या खेळाडूंनी वर्गणी काढून विद्युत्फलक लावलेले ट्रक भाड्याने घेतले आणि ते कंपन्यांच्या कचेऱ्यांसमोर उभे केले. २०२४च्या जानेवारीत तेथील व्यापार आयोगाने नेक्सॉनला सुमारे ११६० कोटी वॉन दंड ठोठावला, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून यदृच्छेने निघणाऱ्या वस्तूंची संभाव्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

हा कायदा महत्त्वाचा आहे, परंतु त्याची कक्षा दैवाधीन वस्तूंपुरती आहे. या लेखात पाहिलेली बहुतेक प्रकरणे तिच्या बाहेर राहतात. सर्वोच्च पायरी आणखी एकाने वर नेणे, पाच विजयांचे पंधरा करणे, दुरुस्तीचा खर्च इतरांच्या सरासरीवर बसविणे, यांत दैवाचा भाग नसल्यामुळे जुना दर आणि नवा दर शेजारी शेजारी छापून दाखविण्याचे बंधन तो कायदा कोणावर घालीत नाही. ते काम अजूनही रात्री जागून तक्ते मांडणारे खेळाडूच करीत आहेत.